शंभर वर्षांची मोटार पुन्हा रस्त्यावर

विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन हँडल मारून कसं सुरू करतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना आजची गोष्ट लवकर उमजेल. गोष्ट अमेरिकेतली आहे. २००९ साली तिथल्या एका बापलेकीने १९०९ सालची मॅक्सवेल मोटार पुन्हा चालती केली आणि ती न्यूयॉर्कहून देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोला नेली. गाडी उभी केली बापाने, चालवली लेकीने. एवढा खटाटोप कशासाठी, हे कळायला शंभर वर्षं मागे जायला हवं.

ॲलिस रॅम्सी तेव्हा बावीस वर्षांची होती. न्यू जर्सी राज्यातल्या हॅकेनसॅकची, घरात दोन वर्षांचा मुलगा. नवरा वकील, वयाने बराच मोठा. एकदा मोटारीला बुजून तिचा घोडा उधळला, तेव्हा नवऱ्याने तिला घोड्याऐवजी मोटारच घेऊन दिली. तो स्वतः मात्र कधी गाडी शिकला नाही! ॲलिसने पहिल्याच उन्हाळ्यात हजारो मैल गाडी पळवली. ते पाहून मॅक्सवेल कंपनीने तिला विचारलं, आमची गाडी घेऊन देशभर जाल का? खर्च आमचा. कंपनीचा हिशेब सरळ होता. बाईला जमतं म्हणजे कुणालाही जमेल, अशी फुकटची जाहिरात. आम्हाला तो हिशेब काही आवडत नाही. पण ॲलिसने त्यात आपलं काम साधून घेतलं.

९ जून १९०९ ला भर पावसात ती न्यूयॉर्कहून निघाली. सोबत दोन नणंदा आणि एक मैत्रीण. त्या तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती, म्हणजे सगळा भार ॲलिसवर. वाट सुमारे ३,८०० मैलांची, म्हणजे सहा हजार किलोमीटरच्या वर. त्यातले पक्के रस्ते फक्त १५२ मैल. आयोवा राज्यात पावसाने असा चिखल केला की गाडी पुढे सरकेना, आणि रात्र गाडीतच काढावी लागली. टायर अकरा वेळा बदलले, तेही ॲलिसने स्वतःच्या हाताने. प्लग साफ केले, ब्रेकचं पेडल दुरुस्त केलं.

एकदा रेडिएटरचं पाणी संपलं आणि जवळ भांडं नव्हतं. नणंदांनी दात घासायचे ब्रश ठेवायच्या काचेच्या डब्या काढल्या आणि रस्त्याकडेच्या चरातून डबी-डबी पाणी आणून गाडीला पाजलं. वाटेची पुस्तकं होती, पण त्यातल्या खुणा कशा? पिवळ्या घरापाशी डावीकडे वळा! त्या घराच्या मालकाला मोटारींचा राग, म्हणून त्याने घर हिरवं रंगवून टाकलं होतं. पश्चिमेकडे तर पुस्तकंही नव्हती. तिथे या बायका तारांचे खांब बघत. ज्या खांबांवर तारा जास्त, ती वाट गावाकडे जाणारी. ५९ दिवसांनी, ७ ऑगस्टला, गाडी सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. मोटारीने देश ओलांडणारी ॲलिस ही पहिली बाई.

अशी गाडी शंभर वर्षांनी पुन्हा चालवायची म्हणजे सोपं नाही. मॅक्सवेलचं नाव मिटून १९२५ मध्ये क्रायस्लर कंपनी झाली. सुटे भाग दुकानात कुठून मिळणार? जुने शोधायचे, नाहीतर लेथवर घडवून घ्यायचे. बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाला एकदम हँडल मारून चालत नाही, कारण आतले पिस्टन गंजून धरलेले असतात. प्लग काढून आत तेल सोडायचं, मुरू द्यायचं आणि मग हळूच हाताने फिरवून बघायचं. टाकीतला गंज आणि जुनं पेट्रोल काढून टाकायचं. चाकं लाकडी आऱ्यांची, आपल्या बैलगाडीसारखी, त्यामुळे लाकूड वाळून सैल झालंय का तेही तपासायचं. मॅक्सवेलमध्ये पाणी फिरवायला पंप नव्हता. तापलेलं पाणी आपसूक वर चढायचं, निवलेलं खाली यायचं. म्हणून पाणी कमी पडलं की काम थांबलंच. त्या डब्यांचं महत्त्व आता लक्षात आलं ना?

आणि हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला वेढायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं. आपल्याकडचे जुने इंजिनवालेही हेच बजावतात.

त्या लेकीचा प्रवास ९ जून २००९ ला, म्हणजे ॲलिस निघाली त्याच तारखेला सुरू झाला आणि जुलैत संपला. रस्ते आता गुळगुळीत. अडचण वेगळी होती, कारण सुसाट गाड्यांच्या गर्दीत एवढी जुनी गाडी सांभाळायची होती.

ॲलिस त्यानंतरही तीसहून जास्त वेळा मोटारीने देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. १९८३ मध्ये, ९६ व्या वर्षी ती वारली. पहिल्या प्रवासाचं पुस्तक तिने १९६१ मध्ये काढलं. त्याच्या नावात तीन वस्तू आहेत: धुळीसाठी तोंडावर घ्यायची जाळी, अंगावरचा लांब डगला आणि टायर काढायची लोखंडी पट्टी.