देवीच्या हातातले म्हाळुंग

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीला चार हात. त्यांत गदा, ढाल आणि पानपात्र आहे, आणि खालच्या उजव्या हातात एक फळ: म्हाळुंग. दर्शन घेणाऱ्यांपैकी किती जणांनी ते प्रत्यक्ष पाहिले असेल?

मला ते मिळाले म्हैसूरच्या बोगादीत, शेतकरी बाजारात. वांग्यांच्या शेजारी पिवळी, खडबडीत, लिंबाच्या कितीतरी पट मोठी फळे. विकणाऱ्या आजींनी कन्नड नाव सांगितले, ‘मादल’. लोणचे घाला म्हणाल्या. बांधावर आता एकच झाड उरलेय, तेही त्यांनीच सांगितले. मी दोन फळे घेतली.

घरी कापले, तर बोटभर जाड पांढरी साल, मध्ये जेमतेम आंबट गर आणि भरपूर बिया. संस्कृतात याला ‘बीजपूर’ म्हणतात, बियांनी भरलेले. हिंदीतले ‘बिजौरा’ त्यावरूनच आले. दुसरे संस्कृत नाव ‘मातुलुंग’. तेच झिजून आपले म्हाळुंग झाले.

आता हे फळ किती दूर गेले बघा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टस याने त्याचे वर्णन केले. फळ खात नाहीत, पण कपड्यांत ठेवले की कसर लागत नाही, असे तो लिहितो. ग्रीकांना ते इराणातल्या मीडिया प्रांताचे वाटले, म्हणून शास्त्रीय नावात आजही ‘मेडिका’ आहे. ज्यू लोक सुक्कोत सणाला हेच फळ हातात धरून प्रार्थना करतात.

मूळ मात्र आपल्या बाजूचे. 2018 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासाने लिंबूवर्गाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडे दाखवला. म्हाळुंग या कुळाच्या मूळ जातींपैकी एक आहे. आपले कागदी लिंबू म्हाळुंग आणि एका रानटी जातीच्या संकरातून झाले. त्यात म्हाळुंग बापाच्या जागी.

लेकरू रसाळ निघाले, म्हणून बाजाराने लेकरालाच धरले. म्हाळुंग उरले पूजेपुरते, औषधापुरते, लोणच्यापुरते. मूर्तीतले दगडी फळ शेकडो वर्षे टिकेल. बांधावरचे झाड टिकायचे, तर त्याची फळे विकली गेली पाहिजेत. तुमच्या बाजारात दिसले, तर एक तरी घ्या, आणि तिथले त्याचे नावही विचारून ठेवा.