आल्सास-लोरेन : जिंकलेली भूमी आणि न विचारलेले लोक

सीमाप्रश्नाची चर्चा निघाली की आमच्यापुढे दोन विधाने हटकून ठेवली जातात. एक, सीमा न्यायाने नव्हे, बळाने ठरतात. दोन, भाषा हा सीमा ठरविण्याचा निकष होऊच शकत नाही. आल्सासचे उदाहरण पाहा. ऱ्हाइन नदीच्या पश्चिम तीरावरील आल्सास आणि त्याला लागून असलेला लोरेन या प्रदेशांच्या इतिहासावर ही दोन्ही विधाने घासून पाहता येतात. सीमाभागातील मराठी माणसाने तो इतिहास मुळातून समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

आधी बळाचा विचार करू. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना आणि आउअरश्टेट येथे फ्रान्सने प्रशियाच्या सैन्याचा एका दिवसात धुव्वा उडविला. पुढच्या वर्षी झालेल्या टिल्झिटच्या तहात प्रशियाने सुमारे निम्मा मुलूख गमावला. त्यानंतर तिच्या सैन्याची संख्याही ४२ हजारांवर बांधून टाकण्यात आली. अशा अवस्थेत त्या देशाने काय केले? शार्नहोर्स्ट व ग्नाइझेनाउ यांनी अधिकारपद जन्मावरून नव्हे तर शिक्षण आणि कर्तृत्व पाहून देण्याचा आग्रह धरला. हुम्बोल्ट यांनी शिक्षणाची फेरमांडणी केली आणि १८१० साली बर्लिनचे विद्यापीठ उभे राहिले. १८१४ च्या कायद्याने लष्करी सेवा सर्वांवर बंधनकारक झाली. साक्षर सैनिक, अभ्यासू अधिकारी आणि शांततेच्या काळातही युद्धाचे नियोजन करीत राहणारे सेनापती मंडळ ही त्या पराभवाची फळे होत.

ती १८७० साली दिसली. प्रशियाच्या बंदुकीपेक्षा फ्रान्सची शास्पो बंदूक अधिक लांब मारा करणारी होती. शौर्यातही फ्रेंच सैनिक उणा नव्हता. परंतु मोल्टके यांनी आगगाड्यांचे वेळापत्रक आधीच आखून ठेवले होते. सुमारे १८ दिवसांत साडेचार लाखांहून अधिक जर्मन सैनिक सीमेवर पोहोचले. फ्रान्सचे राखीव सैनिक तेव्हा आपल्या पलटणी शोधत फिरत होते. क्रुपच्या पोलादी तोफांनी उरलेले काम केले. २ सप्टेंबरला सेदान येथे सम्राट तिसरा नेपोलियन सैन्यासह शरण गेला. सारांश, शस्त्रापेक्षा शस्त्रामागची व्यवस्था राष्ट्राला लष्करी महासत्ता बनविते.

परंतु या बळाची मर्यादा त्याच युद्धात उघडी पडली. ऑगस्टमध्ये जर्मन तोफांनी स्ट्रासबर्गवर मारा केला आणि शहराचे ग्रंथालय, त्यातील मध्ययुगीन हस्तलिखितांसह, जळून खाक झाले. ज्यांना ‘आपले बांधव’ म्हणून परत आणायचे, त्यांच्याच ग्रंथांची ही राख होती. आल्सासचे बहुतेक लोक जर्मन बोली बोलत. पण फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळापासून त्यांनी स्वतःला फ्रेंच नागरिक मानले होते. इतिहासकार ट्राइचके यांनी मात्र आल्सासवासीयांचे हित त्यांच्यापेक्षा आम्हां जर्मनांनाच अधिक कळते, अशा आशयाचे प्रतिपादन केले. स्ट्रासबर्ग येथे प्राध्यापक राहिलेले फ्रेंच इतिहासकार फ्युस्तेल द कुलांज यांनी मोमसेन यांना उत्तर देताना बजावले की, राष्ट्र वंशाने वा भाषेने नव्हे, लोकांच्या इच्छेने घडते. फेब्रुवारी १८७१ मध्ये बोर्दो येथील राष्ट्रसभेत या प्रदेशांच्या प्रतिनिधींनी निषेध नोंदविला. तरीही १० मे १८७१ च्या फ्रँकफर्टच्या तहाने आल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला.

आणि येथेच एक गोष्ट विसरली जाते. त्या तहात जर्मनीने मेत्स शहरही घेतले. मेत्स फ्रेंचभाषक होते. मोल्टके यांना ते हवे होते ते किल्ल्यासाठी. म्हणजे जेथे भाषा सोयीची होती तेथे भाषा पुढे केली आणि जेथे गैरसोयीची होती तेथे किल्ला. तेव्हा आल्सासमध्ये भाषेचे तत्त्व हरले, असे म्हणता येत नाही. ते तेथे प्रामाणिकपणे लावलेच गेले नव्हते.

पुढे काय झाले? १८७४ साली या प्रदेशाने जर्मन संसदेवर पाठविलेल्या प्रतिनिधींनी ‘लोकांना विचारा’ अशी मागणी केली. ती फेटाळण्यात आली. त्याच वर्षी मोल्टके यांनी संसदेत सांगितले की, अर्ध्या वर्षात जे शस्त्राने मिळविले ते अर्धे शतक शस्त्रानेच राखावे लागेल. त्यांचा हिशेब फारसा चुकला नाही. १९१८ साली प्रदेश हातून गेला. पण फ्रान्सनेही तेव्हा सार्वमत घेतले नाही. उलट रहिवाशांची कुळानुसार चार वर्गांत विभागणी करून ओळखपत्रे दिली आणि शाळांतून फ्रेंच लादली. १९४० मध्ये हिटलरने प्रदेश पुन्हा गिळला. १९४२ पासून तेथील सुमारे १ लाख ३० हजार तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात ओढले. १८७० साली जन्मलेल्या आणि पंचाहत्तरी गाठलेल्या आल्सासवासीयाने आपले घर न सोडता चार वेळा राष्ट्र बदलले, आणि एकदाही त्याला कोणी विचारले नाही.

आमचा प्रश्न दोन राष्ट्रांचा नाही. एका प्रजासत्ताकातील दोन राज्यांचा आहे. त्यात सैन्याला स्थान नाही, असूही नये. शेजारच्या कन्नड माणसाशी आमचे वैर नाही. परंतु १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत रेघ ओढताना येथेही लोकांना विचारले गेले नाही. म्हणूनच खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चार तत्त्वे आम्ही एकत्र मांडतो. आल्सासचे उदाहरण आमच्यावर फेकणाऱ्यांना आमचे उत्तर हेच : तेथे भाषा एकीकडे आणि लोकेच्छा दुसरीकडे होती. येथे दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवितात.

महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल केव्हा लागेल हे आपल्या हाती नाही. मात्र येनाच्या पराभवानंतर प्रशियाने जे आधी हाती घेतले, त्यांपैकी एक गोष्ट आपल्या हाती आहे, ती म्हणजे शाळा. गावातील मराठी शाळेचा पट टिकला, वाचनालयाचे दार उघडे राहिले, तर उद्या कोणी विचारायला आले असता उत्तर देणारा माणूस तेथे असेल. तो नसेल, तर जिंकलेल्या खटल्याचाही उपयोग काय?