पोर्ट लुईला उतरलेले एक पाहुणे जोडपे

आगमन शताब्दीच्या या स्मरणिकेत आपल्या पूर्वजांच्या बोटी, कोकणातली गावे आणि कोठीवरचे कष्ट यांविषयी वाचकांना बरेच वाचायला मिळेल, आणि ते मिळायलाच हवे. आम्ही मात्र एका अशा कुटुंबाविषयी लिहितो आहोत, जे आपल्या पूर्वजांसारखे करारावर आले नव्हते. त्यांच्या नावापुढे नंबर नव्हता. ऊस तोडायला त्यांना कोणी पाठवले नव्हते. १९११ साल संपता संपता डॉक्टर चिरंजीव भारद्वाज आणि त्यांच्या पत्नी सुमंगलीदेवी मुलांना बरोबर घेऊन मॉरिशसला आले. आले ते धर्मप्रचारासाठी.

ते मराठी नव्हते. आर्य समाजाचे होते, आणि लोकांशी हिंदीत बोलत. मग मराठी स्मरणिकेत त्यांना जागा का द्यायची? एक कारण असे की आर्य समाजाचा जन्म आपल्याच मुंबईत झाला. स्वामी दयानंदांनी तो १८७५ साली एप्रिल महिन्यात गिरगावात स्थापन केला. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात त्यांची व्याख्याने झाली. पुढे पुण्यात स्वामींची मिरवणूक निघाली, तेव्हा सनातनी मंडळींचा विरोध पत्करून महात्मा फुले त्या मिरवणुकीत चालले. आणि दुसरे कारण जवळचे आहे. या समाजाचे काम इथे ज्या गावांत रुजले, त्यांत वाक्वा ठळक आहे, आणि वाक्वा, हेन्रिएटा, ग्लेन पार्क हा तर आपल्या लोकांचा पट्टा. एकाच रस्त्यावर आपले गणपतीचे घर आणि त्यांचा हवनकुंड.

ते येण्याआधीची स्थिती थोडी सांगायला हवी. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांवर माणसे हिंदुस्थानातून या बेटावर आणली गेली. त्यांत मुंबई बंदरातून आलेले आपले लोक संख्येने थोडे. म्हणून तर क्रिओल बोलीत आपल्याला ‘बोंबाय’ हे बंदराचेच नाव पडले. सुरुवातीच्या बोटींत पुरुषच जास्त, बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १८६७ च्या कायद्याने जुन्या गिरमिटियालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. तो दाखवता आला नाही की शिपाई धरून नेत. कामाचा एक दिवस चुकला तर दोन दिवसांची मजुरी कापत. अशा जगात धर्म टिकवायचा कोणी आणि कसा? शिकलेला भटजी बोटीत क्वचितच होता. टिकवला तो लोकांनी आठवणीवर. गणपती, गोंधळ, झाकरी, देवघरातला दिवा, हे सगळे तोंडीच आले. संध्याकाळी बैठकेत पुरुष जमत, कोणी वाचता येणारा असला तर पोथी वाची. बायका आत, चुलीपाशी.

शाळा होत्या त्या सरकारच्या आणि चर्चच्या. मिशनरी या बेटाला नवे नव्हते. लंडन मिशनचे लब्रां साहेब १८१४ सालीच आले होते, आणि १८४१ मध्ये आले ते पेर लावाल. पेर लावाल हेही मुळात डॉक्टर. डॉक्टरी सोडून पाद्री झाले आणि गुलामीतून सुटलेल्या लोकांत त्यांनी जन्म काढला. आजही सप्टेंबरात सेंत-क्रुआला त्यांच्या समाधीकडे पायी जाणाऱ्यांत आपले हिंदू शेजारी दिसतात, आणि त्यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. पण पेर लावाल एकटे होते. पाद्रीला संसार नसतो.

१९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर आले. गांधीजी १९०१ साली इथे अठरा दिवस राहून गेले होते, त्यांच्याच सांगण्यावरून. मणिलालांनी कोर्टात मजुरांची बाजू मांडली, १९०९ मध्ये ‘हिंदुस्थानी’ हे पत्र काढले. दरम्यान स्वामी दयानंदांचा ‘सत्यार्थप्रकाश’ हा ग्रंथही बेटावर पोचला होता. हिंदुस्थानी पलटणीतला एक सुभेदार परत जाताना आपल्याजवळची प्रत इथे ठेवून गेला, आणि ती हातोहात फिरली. ती वाचणाऱ्या थोड्या लोकांनी समाज सुरू केला. आता त्यांना कोणी जाणता माणूस हवा होता. मणिलालांच्या बोलावण्यावरून भारद्वाज आले.

हा माणूस साधा नव्हता. विलायतेत शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतलेला. ‘सत्यार्थप्रकाश’चे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले होते, ते १९०६ साली छापले गेले. म्हणजे वय उमेदवारीचे राहिले नव्हते, नाव झाले होते, धंदा बसला होता, पदरी मुले होती. अशा वेळी माणसे घर बांधायचा विचार करतात. यांनी सामान बांधले. धर्मकार्याला बाहेर पडायचे तर एक तर तरुण आणि एकटे, नाही तर संन्यासी, अशी आपल्याकडची समजूत. भरला संसार उचलून परमुलखात धर्माचे काम करायला जाणे ही वेगळी गोष्ट आहे. मुलांचे शिक्षण, आजारपण, उद्याची चिंता हे सगळे बरोबर येते. आणि निर्णय एकट्या नवऱ्याचा राहत नाही. बाईची तयारी नसेल तर असे कुटुंब बंदर सोडतच नाही, हे आम्हा बायकांना कोणी सांगायला नको.

डॉक्टरांचे काम इतिहासात नीट नोंदलेले आहे. गावोगाव व्याख्याने, ‘आर्य पत्रिका’, आणि १९१३ मध्ये आर्य परोपकारिणी सभेची रीतसर नोंदणी. गावागावांतले विखुरलेले समाज एका सभेखाली आले. आजच्या आर्य सभेची घडी तेव्हाची.

सुमंगलीदेवींचे काम सांगताना मात्र पुस्तके एका वाक्यात आटोपतात. त्या बायकांत बोलत, बायकांना शिकवण्याचा आग्रह धरत. एवढेच. पण हे ‘एवढेच’ म्हणजे काय, ते तेव्हाच्या घरात शिरून पाहावे लागते. बैठकेत परका पुरुष बोलणार तर बायका दाराआडून ऐकणार, तेही काम उरकले असेल तर. बाई आली की ती चुलीपाशी जाऊन बसते. ती तान्हे मूल मांडीवर घेते आणि मग विचारते, ही पोर शाळेत का जात नाही? उत्तर ठरलेले असणार. उसाच्या रानात भाकर कोण पोचवणार, धाकट्याला कोण सांभाळणार, आणि शिकून करायचे काय, दोन वर्षांनी लग्नच आहे. डॉक्टर व्यासपीठावरून बालविवाहाविरुद्ध कितीही बोलले, तरी हा वाद जिंकायचा तर तो स्वयंपाकघरातच जिंकावा लागतो.

आणखी एक गोष्ट. आर्य समाजात वेद सर्वांना मोकळे. बाईने मंत्र म्हणायचा, नवऱ्याशेजारी बसून हवनात आहुती द्यायची. जात विचारायची नाही. आपल्या लोकांची जातपात तर बोटीतच विस्कटली होती; एका भांड्यातून जेवल्यावर काय उरणार? तरी मनातली टोचणी गेली नव्हती. त्या माणसांपुढे एक शिकलेले जोडपे शेजारी शेजारी बसून मंत्र म्हणते, आणि तुम्हीही म्हणा असे सांगते. हा देखावा दहा व्याख्यानांइतका बोलका असणार, असे आम्हाला शिकवण्याच्या इतक्या वर्षांच्या अनुभवावरून वाटते. मूल सांगितलेले विसरते, पाहिलेले विसरत नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव यांची आठवण इथे होतेच. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली, ती शिकवायला घरातली बाई उभी राहिली म्हणून.

आता कडू बाजू. आर्य समाज मूर्तिपूजा मानत नाही. आपल्या मराठी घरात गणपती बसत होता, आणि गणपती म्हणजे आपल्यासाठी नुसती मूर्ती नव्हती. कोकणातले घर, हरवलेले गाव, भाषा हे सारे त्या मातीत होते. ‘मातीचा देव पाण्यात विरघळतो’ असे कोणी थट्टेने म्हटले की वडीलधाऱ्यांना लागे. भावाभावांत यावरून वितुष्ट आले. शिवाय सारा प्रचार हिंदीतून. ज्या घरांनी समाज धरला, त्या घरांतली प्रार्थना हिंदी झाली आणि मराठी मागे पडली. मुलींना अक्षरओळख झाली ती नागरीची, म्हणजे आपल्याच लिपीची. पण पुस्तक हिंदी. लिपी मिळाली, भाषा निसटली. आम्हाला याची खंत आहे. तरी त्या काळी मराठीतून शिकवायला बेटावर कोणी आले नाही, हेही तितकेच खरे. जो आला, त्याच्याकडून लोक शिकले.

आपल्या बहुतेक घरांनी यातून मधली वाट काढली. गणपती सोडला नाही. चतुर्थीला आज देशभर सुट्टी असते, ती त्या हट्टामुळेच. पण मुलीला शाळेत घालायचे, लग्नाची घाई करायची नाही, हे हळूहळू घेतले. आमच्या आजीच्या पिढीतल्या ज्या थोड्या बायकांना वाचता येत होते, त्यांच्या हाती बहुधा हिंदीच पोथी असे, आणि ती वाचून झाल्यावर त्या अर्थ मराठीत सांगत. हे भाषांतर कोणी छापले नाही.

भारद्वाज कुटुंब इथे फार वर्षे राहिले नाही. पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ते परतले. १९१४ मध्ये स्वामी स्वतंत्रानंद आले, आणि काम पुढे चालू राहिले. पण स्वामी म्हणजे संन्यासी. बायकांच्या घोळक्यात जाऊन बसणे त्यांच्या मर्यादेत येत नव्हते. पाहुणी बाई गेली, आता बायकांशी बोलायचे तर इथल्याच बायकांनी. ज्या दोन अक्षरे शिकल्या होत्या, त्यांनी शेजारणीला शिकवायचे. १९१८ मध्ये वाक्वात आर्य वैदिक शाळा उघडली. ती अजून भरते.