फाशांवर रंगलेले सामने

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, १९७०च्या दशकात ज्यांचं बालपण महाराष्ट्रात गेलं, त्यांना ‘बुक क्रिकेट’ समजावून सांगायला नको. नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. एक जाडजूड पुस्तक घ्यायचं आणि न बघता उघडायचं. डाव्या पानाच्या क्रमांकातला शेवटचा आकडा म्हणजे त्या चेंडूचा निकाल. डावं पान नेहमी सम आकड्याचं. त्यामुळे दोन, चार, सहा या धावा, आठ आला की आमच्याकडे एक धाव आणि शून्य म्हणजे आउट. शाळेची पुस्तकं पातळ, म्हणून शब्दकोश किंवा थोरल्यांची कायद्याची पुस्तकं कामी यायची. वहीच्या मागच्या पानांवर दोन्ही संघ लिहायचे आणि चार-पाच मित्रांनी पावसाळाभर कसोटी मालिका खेळायच्या. बाहेर मैदानात चिखल असो नाहीतर तळं, आमचा सामना कधी रद्द झाला नाही.

पण या खेळात एक अन्याय होता आणि तो आम्हाला लवकरच खुपू लागला. पुस्तकाला माणूस ओळखता येत नसे. सुनील गावसकर आणि भागवत चंद्रशेखर त्याला सारखेच. प्रत्यक्षात चंद्रानं ५८ कसोटींत २४२ बळी घेतले आणि धावा केल्या १६७. म्हणजे बळींपेक्षा धावा कमी! आता आमच्या खेळाचा हिशेब पाहा. पाच निकालांपैकी एक आउट, म्हणजे आउट होण्याआधी सरासरी चार चेंडू धावांचे, आणि दर चेंडूला सरासरी सव्वातीन धावा. एकूण तेरा. गावसकरची सरासरी तेरा आणि चंद्राचीही तेराच! आमच्यातल्या एकानं यावर तोड काढली, की गावसकरला डावातलं पहिलं शून्य माफ आणि चंद्राला दोन आले तरी आउट. झालं, भांडणं सुरू. मग विश्वनाथला किती शून्यं माफ? आणि सोलकरला? ते भांडण खरं तर संख्याशास्त्राचं होतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

हेच भांडण अमेरिकेत आमच्या कितीतरी आधी झालं होतं आणि त्याचं उत्तर शोधता शोधता तिथे एक धंदाच उभा राहिला. त्यांचा खेळ बेसबॉल. तो फाशांवर उतरवायला सोयीचा, कारण त्यात प्रत्येक लढत दोघांची असते, चेंडू टाकणारा पिचर आणि समोरचा बॅटर. शिवाय आकड्यांची शिस्त जुनी. सामन्याचा धावफलक वृत्तपत्रात नीट छापण्याची रीत रुजवण्यात हेन्री चॅडविक या पत्रकाराचा मोठा वाटा. हे गृहस्थ जन्मानं इंग्रज, क्रिकेटवर वाढलेले. धावफलकाची सवय त्यांनी क्रिकेटमधूनच नेली, हे आपण आवर्जून लक्षात ठेवावं.

१९३०च्या सुमारास विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिफर्ड व्हॅन बीक यांनी ‘नॅशनल पास्टाइम’ हा खेळ काढला. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूचं वेगळं कार्ड होतं. पेनसिल्व्हेनियातल्या रिचर्ड सायट्झ या शाळकरी मुलाला त्यानं झपाटून टाकलं. त्यानं वर्गमित्रांना गोळा करून लीग काढली आणि तिला भारदस्त नाव दिलं, ‘अमेरिकन प्रोफेशनल बेसबॉल असोसिएशन’. पुढे १९५१ साली सायट्झ यांनी त्याच धर्तीवर स्वतःचा खेळ टपालानं विकायला काढला, तेव्हा त्या मित्रमंडळाच्या नावाची आद्याक्षरंच त्याचं नाव झाली : ‘ॲप्बा’.

दरम्यान, १९४१ साली ईथन ॲलन या निवृत्त खेळाडूचा ‘ऑल-स्टार बेसबॉल’ बाजारात आला. त्यात प्रत्येक फलंदाजाची एक गोल तबकडी असे आणि मधोमध फिरता काटा. होमरन मारणाऱ्याच्या तबकडीवर होमरनचा घास मोठा, दुसऱ्याच्या तबकडीवर चिंचोळा. गावसकर आणि चंद्रा वेगळे झाले म्हणायचे! पण त्या मूळ खेळाला समोर पिचर कोण आहे, हे कळतच नसे.

ही उणीव न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेकमध्ये राहणाऱ्या हॅल रिचमन या मुलाला बोचली. अकराव्या वर्षापासून तो फासे आणि कागद घेऊन स्वतःचा खेळ जुळवत बसला. १९६१ साली त्यानं तो ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावानं विकायला आणला. त्यातली युक्ती ऐकण्यासारखी आहे. तीन फासे टाकायचे. एका फाशावर एक, दोन किंवा तीन आले, तर निकाल बॅटरच्या कार्डावर पाहायचा. चार, पाच, सहा आले तर पिचरच्या कार्डावर. उरलेल्या दोन फाशांची बेरीज कार्डावरची ओळ सांगते. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांत सात ही बेरीज सहा वेळा येते, बारा एकदाच. म्हणून ज्याच्या कार्डावर होमरन सातापुढे लिहिलाय, तो घणाघाती, आणि ज्याच्या कार्डावर तो बारापुढे आहे, त्याला नशिबाची साथ हवी. हे गणित अमेरिकेतल्या कित्येक पोरांनी कुठल्याही मास्तराविना, मित्राच्या घरच्या फरशीवर बसून आत्मसात केलं. हुकमी फलंदाजही दहातल्या सहा-सात वेळा बाद होतो आणि सामान्य खेळाडूचा एखादा दिवस सोन्याचा उगवतो, हेही त्यांना फाशांनीच शिकवलं.

या खेळाचा दबदबा किती, याचा प्रत्यय १९८१ साली आला. खेळाडूंच्या संपामुळे १४ जुलैचा क्लीव्हलंडचा ऑल-स्टार सामना होऊ शकला नाही. तेव्हा त्याच अवाढव्य, ओस पडलेल्या स्टेडियममध्ये तो सामना स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या फाशांवर खेळला गेला. पुढे २०२० साली करोनामुळे मोसम लांबला, तेव्हाही कंपनी रोजच्या रोज न झालेल्या सामन्यांचे निकाल काढून देत होती.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. कार्ड तयार होतं नोंदीवरून. नोंद नाही तर कार्ड नाही, आणि कार्ड नाही तर तो खेळाडू खेळातच नाही. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत त्या शतकात मोठ्या लीगची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यांच्या स्वतंत्र ‘निग्रो लीग’ होत्या, पण तिथले धावफलक कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत विखुरलेले आणि अर्धेमुर्धे. त्यांच्यातला जॉश गिब्सन हा जबरदस्त फलंदाज रॉबिन्सनच्या पदार्पणाआधी तीन महिने, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. संशोधकांनी वर्षानुवर्षं जुनी वृत्तपत्रं चाळून आकडे गोळा केले आणि २००९ साली स्ट्रॅट-ओ-मॅटिकनं या लीगमधल्या १०३ खेळाडूंची कार्डं काढली. ज्यांना हयातीत एका मैदानावर येऊ दिलं नाही, ते निदान टेबलावर समोरासमोर आले. २०२० साली मोठ्या लीगनं यातल्या सात लीगना अधिकृत दर्जा दिला आणि २०२४ साली त्यांचे आकडे आपल्या वहीत घेतले. तेव्हा कारकिर्दीच्या सरासरीत हजारात ३७२ फटके असलेला गिब्सन, टाय कॉबला मागे टाकून पहिला आला. कार्डांमुळे हे घडलं असं नव्हे. पण दोन्हींच्या मुळाशी कुणीतरी चिकाटीनं उतरवलेले जुने धावफलकच होते.

हे वाचलं तेव्हा मला आठवले पालवणकर बाळू. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज हिंदू संघाकडून खेळे, पण चहा त्याला मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. आमच्या बुक क्रिकेटच्या वह्यांत गावसकर होता, सोबर्स होता. बाळूचं नाव एकदाही आलं नाही, कारण ते नाव आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याचं कार्ड करायचं ठरवलं, तर सामग्री आहे. पण चौरंगी सामन्यांच्या काळातले किती गावोगावचे क्लब, किती खेळाडू असे असतील, ज्यांचे धावफलक एखाद्या वाचनालयाच्या माळ्यावर, नाहीतर कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत पडून आहेत! श्रोतेहो, तशी एखादी वही तुमच्या घरात असेल, तर रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. त्यातली नावं मोठ्यानं वाचा. आणि जवळ एखादं शाळकरी पोर असेल, तर त्याच्या हातात दोन फासे ठेवा.