ऑक्झिंडन घराणे : डीन ते रायगड

इंग्लंडच्या केंट परगण्यातील डीन येथील ऑक्झिंडन घराणे मराठी वाचकाला परिचित आहे ते सुरत आणि रायगड या दोन नावांमुळे. त्या घराण्याचा कर्ता पुरुष मात्र पार्लमेंटच्या राजकारणात रमलेला होता. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. राजाविना चाललेल्या पुढील दशकात सर हेन्री ऑक्झिंडन (१६१४–१६८६) केंटचे प्रतिनिधी होते. आणि १६६० मध्ये ज्या सभेने दुसऱ्या चार्ल्सला परत बोलावले, तीतही सँडविच नगराच्या वतीने ते बसले. १६७८ मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला.

इंग्रजी वारसाहक्कानुसार जमीन व किताब थोरल्या मुलाकडे जात. धाकट्यांना आपली वाट स्वतः शोधावी लागे. सर हेन्रींचे धाकटे बंधू जॉर्ज यांना ती ईस्ट इंडिया कंपनीत सापडली. १६६२ मध्ये ते सुरतेच्या वखारीचे प्रेसिडेंट झाले. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा त्यांनी वखार राखली. १६६८ मध्ये मुंबई कंपनीच्या ताब्यात आली, तिचा कारभारही त्यांच्याकडेच आला. पुढच्याच वर्षी सुरतेत त्यांचा अंत झाला.

दुसऱ्या पिढीतही हाच क्रम राहिला. सर हेन्रींचा थोरला पुत्र जेम्स पार्लमेंटात गेला, धाकटा हेन्री मुंबईस आला. १६७४ मध्ये गव्हर्नर जेरल्ड आँजियर यांनी त्याला वकील म्हणून रायगडी धाडले. राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई आणि व्यापाराची मोकळीक मिळवणे, हे त्याचे काम. ६ जूनचा राज्याभिषेक त्याने डोळ्यांनी पाहिला. सिंहासनालगतच्या सोनेरी भाल्यांवरील मत्स्यशीर्षे, अश्वपुच्छे आणि न्यायाचे चिन्ह असलेला तराजू यांची त्याने नोंद केली. ज्या राजापासून चुलत्याने वखार राखली, त्यालाच पुतण्याने नजराणा दिला.

विधींमागील शास्त्रार्थ त्याला परका होता. व्यापाऱ्याची नजर मात्र सावध होती. राजाचा वध आणि राजाची पुनःस्थापना पाहिलेल्या पित्याच्या या पुत्राने नवे राज्य उभे राहताना पाहिले. १७०८ मध्ये निपुत्रिक जेम्सच्या मृत्यूनंतर किताब हेन्रीकडे आला. तो किताब आज विस्मरणात गेला आहे. रायगडचा वृत्तांत मात्र मराठ्यांच्या इतिहासाचे साधन म्हणून टिकून आहे.