२२० वजा वय

पळसदरीच्या तलावाकडे पळायला जायचं म्हटलं की हल्ली आधी मनगटावर घड्याळ चढतं. आमची साठी झाली, म्हणून ते सांगतं, तुमचे कमाल ठोके १६०. हा आकडा आला कुठून?

१९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये १९वे आले. तेव्हा धाप हेच मोजमाप. १९७० च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल यांनी आधीच्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून एक ढोबळ रेघ ओढली: २२० वजा वय. डोळ्यांसमोर होते हृदयरुग्ण. १९८२ मध्ये फिनलंडच्या पोलारने मनगटावर ठोके दाखवणारं बिनतारी यंत्र आणलं. पुढे तीच रेघ धावणाऱ्यांच्या घड्याळांत जाऊन बसली!

२००१ मध्ये हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी नवं सूत्र दिलं: २०८ वजा वयाची ०.७ पट. म्हणजे साठीला १६६. पण तीही सरासरीच. एका वयाच्या दोन धडधाकट माणसांत वीसेक ठोक्यांचा फरक सहज असतो.

त्यात आमची हवा. मे महिन्यातल्या दमट उकाड्यात रक्त कातडीकडे वळतं, घामाने पाणी जातं आणि वेग तोच असूनही ठोके चढत राहतात. घाटासाठी कर्जतला गाडीला मागून बँकर लागतो, आपल्याला ती सोय नाही. म्हणून लांब पळताना मी बघतो, सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय ना?

हा सगळा प्रपंच दादासाठी. त्याने परवा असंच घड्याळ घेतलं. दादा, तुझ्या बीटा ब्लॉकरच्या गोळ्या ठोके मुळातच खाली ठेवतात, तुला दोन्ही सूत्रं लागू नाहीत. तुझा आकडा स्ट्रेस टेस्ट करून डॉक्टरांनीच द्यायचा. तोवर चालायला ये, पळायला नको.