गाठीचं नाव

सिहोऱ्यात आमच्या घरी दोन गाठी निघाल्या. पहिली 1989 साली, थोरल्या आत्याच्या डाव्या स्तनात. रोवणीच्या दिवसांत तिच्या हाताला ती लागली. "दुखत नाही त कायले दवाखान्यात जाचं?" असं म्हणत तिनं धान घरात येईपर्यंत दिवस काढले. मग एका दवाखान्यात गाठ काढली. ती पुढं कुठं गेली हे आम्ही विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. कार्डावर एवढंच होतं: डाव्या स्तनातील गाठ काढली. दोन वर्षांत आत्या गेली.

मी डॉक्टर नाही. ते कार्ड माझ्याकडं राहिलं, आणि गाठीला नाव कोण देतं, कधीपासून देतं, हे शोधत मी तुमसर-नागपूरच्या वाचनालयांतून वाचत सुटलो.

सुश्रुतसंहितेत ग्रंथी आणि अर्बुद वेगळे सांगितले आहेत. अर्बुद मोठं, घट्ट, हळू वाढणारं आणि न पिकणारं. ही पारख बोटांची आणि डोळ्यांची. गाठीच्या आत पाहायला सूक्ष्मदर्शक हवा होता, आणि रोग पेशीत शोधायचा हा विचारही. तो विचार जर्मनीच्या विर्खोनं 1858 साली ठामपणे मांडला.

मुंबईत 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी वसंत रामजी खानोलकरांकडं आली. मूळचे गोमंतकीय घराण्यातले, जन्म 1895 चा क्वेट्ट्याचा, शिक्षण लंडनचं. आपल्याकडं शल्यविशारदांची नावं लोकांना पाठ असतात. पडद्यामागं काचपट्टीवर वाकून बसलेल्या माणसाचं नाव कोणी विचारत नाही. खानोलकर पुढं 1952 साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी तिथं ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षं काम केलं.

काचपट्टी तयार होते ती अशी. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, म्हणजे तो कुजत नाही. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. त्या ठोकळ्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढून रंगवतात. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, बाकी भाग गुलाबी. निळा रंग देणारं हिमॅटॉक्सिलिन मुळात एका झाडाच्या लाकडातलं आहे.

स्तनातल्या दूधनलिकांना आतून पेशींचे दोन थर असतात. बिघडलेल्या पेशी नलिकेच्या आतच असतील, बाहेरचा थर शाबूत असेल, तर नाव वेगळं. त्या भिंत ओलांडून शेजारच्या ऊतीत शिरल्या असतील तर वेगळं. एवढ्या बारीक भिंतीवर बाईचं पुढचं आयुष्य ठरतं. 1957 साली ब्लूम आणि रिचर्डसन यांनी 1409 रुग्णांच्या अभ्यासातून स्तनाच्या कर्करोगाची प्रतवारी मांडली: नळ्या कितपत बनल्या आहेत, केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत, पेशींचं विभाजन किती जोरात चाललं आहे. प्रत्येकाला एक ते तीन गुण. बेरीज तीन ते पाच आली तर पहिली प्रत, सहा-सात दुसरी, आठ-नऊ तिसरी. सुधारून तीच आजही वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 1968 साली प्रकारांची यादी काढली, तेव्हा जिनिव्हा आणि परळ एकाच गाठीला एकच नाव देऊ शकले.

नाव नसेल तर मोजणीही नीट होत नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 ची. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त, हे मुंबईतल्या अशाच नोंदींतून दिसलं. नागपूरची नोंदणी 1980 पासूनची, पण शहराची. बार्शीची ग्रामीण नोंदणी 1987 ची. सिहोरा दोन्हींच्या बाहेर. आत्या कुठल्याच वहीत नाही.

दुसरी गाठ भाचीची, 2014 सालची. ती बावीस वर्षांची होती, गाठ बोटाखाली सरकायची. घरात कोणी बोलत नव्हतं. माझी बहीण तर आत्याचा फोटो दिसेल म्हणून देवघराच्या खोलीतही जाईना. यावेळी गाठ काढली तेव्हा बाटली मी स्वतः हातात घेऊन नागपूरला गेलो, एसटीत मांडीवर धरून. आठवड्यानं कागद आला: फायब्रोअ‍ॅडिनोमा. तंतू आणि ग्रंथींची साधी गाठ, कर्करोग नाही. भाचीला आता दोन मुलं आहेत.

त्या प्रयोगशाळेत मी सहज विचारलं की मेणाचा ठोकळा किती टिकतो. तिथला माणूस म्हणाला, नीट ठेवला तर वीस-तीस वर्षांनीही काप काढता येतो. आणि आज त्या कापावर संप्रेरकाची ग्राहकं आहेत का, हर-टू आहे का, हेही तपासता येतं. मी मनातल्या मनात वर्षं मोजली. 1989 ते 2014, पंचवीस.